वरून दिलेली फळी

नागपूरच्या एका डिझायनर बाईने पांढरकवड्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराला फसवलं. ज्या वस्तूपायी फसवलं, ती वस्तू तिच्या गाडीत मी माझ्या हाताने ठेवली. हे दोन्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की दुकानदाराने आपली बाजू झाकून माल दाखवला.

म्हातारा वेताच्या आणि बांबूच्या खुर्च्या करायचा. केळापूरच्या रस्त्याला त्याचं टिनाचं छप्पर होतं. तरुणपणी तो मुंबईच्या गोदीत सुतारकामाला गेला, तिथून एका मालवाहू जहाजावर चढला. ते जहाज फिलिपिन्सच्या सेबू बेटावर दुरुस्तीला अडकलं आणि हा गडी तिथेच एका वेतकाम करणाऱ्या उस्तादाकडे सात वर्षं राहिला. परत येताना त्याने एक शब्द आणला होता, 'हिनाय हिनाय'. तिकडच्या बोलीत हळूहळू. चहा घाईने पिणारा, एसटीमागे धावणारा, रडणारं लेकरू, सगळ्यांना त्याचं एकच औषध होतं: "हिनाय, बाप्पा, हिनाय." त्यावरून अख्खा गाव त्याला हिनायकाका म्हणायचा. मीही काकाच म्हणायचो.

काकांना माणसं तोंडावरून ओळखू यायची नाहीत. समोरून नमस्कार केला तर ते परक्यासारखे बघत. तुम्ही चिडून पुढे गेलात की मागून हाक यायची, "अबे, तू होय! पह्यलेच पाठ दाखवाची नं." एकदा तहसीलदार दुकानात आले तेव्हा काकांनी त्यांना ओळख दाखवली नाही. साहेब वळून निघाले तसे काका मोठ्याने म्हणाले, "डाव्या अंगावर झोपणं बंद करा साहेब, खांदा उतरला हाये." साहेब दारातच थांबले आणि डाव्या खांद्याला हात लावून पाहू लागले.

माझी आणि त्यांची पहिली भेट म्हणजे माझ्या आयुष्यातला पहिला पराभव. मी घाटंजीच्या आठवडी बाजारात टोपल्या विकण्यापासून सुरुवात केली. बापाने मागे काही ठेवलं नाही. जी काही मिळकत आहे ती या जिभेची. आज पांढरकवड्यात माझं दुमजली फर्निचरचं दुकान आहे ते भाव करून उभं राहिलं आहे, कोणाच्या मेहरबानीने नाही. तर मी काकांच्या छपराखाली गेलो आणि विचारलं, "काका, या खुर्चीचा भाव सांगा."

"पाठ दाखव."

"मले बसाले नाई पाह्यजे. दुकानात विकाले पाह्यजे."

"ज्याले बसाचं नाई त्याले भाव नाई."

बसलो. त्यांनी भाव सांगितला. मी सवयीप्रमाणे अर्धा सांगितला. काका लगेच म्हणाले, "दिली." मी मनात हसलो. ते पुढे म्हणाले, "दोन महिन्यांत देणार होतो, आता चार महिन्यांत देईन."

"काहून?"

"तू पैसा कमी केला, मी घाई कमी केली."

मी आणखी खाली उतरलो. त्यांनी मुदत पुढच्या दिवाळीवर नेली. मी तावातावाने आणखी तोडला. त्यांनी आभाळाकडे पाहून बोटं मोजली आणि म्हणाले, "मंग तुह्या पोरीच्या लग्नात आणून देतो. पोरगी हाये का?" तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. शेवटी मी त्यांच्या पहिल्या भावावर परत आलो, तर म्हणतात, "आता चार महिनेच लागतीन. एवढा वेळ तू माह्यासंग भांडला, तेवढं काम मांगं पडलं नं."

त्या दिवशी मी शिव्या देत घरी आलो. चार महिन्यांनी खुर्ची आली. मी तिच्यात बसलो आणि दुपारचं जेवायला उठायचं विसरलो.

त्या खुर्चीत काय होतं ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काकांच्या छपराच्या आढ्याला सेबूहून आणलेली वेताची एक मोळी टांगलेली होती, आणि शेजारी अबाकाच्या दोराची एक गुंडी. अबाका म्हणजे केळीसारखं झाड. काका म्हणायचे, "केळं खायच्या कामाचं नाई, पण धागा असा, का जहाज बांधून ठेवा." ती मोळी आणि तो दोर त्यांनी कधी वापरला नाही. तो त्यांचा नमुना होता. तिकडचा कच्चा वेत इथे मिळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून ते आसामचा वेत नागपूरहून आणत आणि आपल्याकडचा कटांग बांबू त्याला जोडीला घेत. अबाकाच्या जागी आपली अंबाडी. अंबाडी नाल्यात भिजवून, सोलून, काकू तिचा दोर वळायच्या आणि बसणी विणायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. नवरा जितका कमी बोलायचा तितकी ती जास्त बोलायची. गिऱ्हाईक आलं की काका त्याचे डोळे मिटायला लावायचे, एका हातात अबाका द्यायचे, दुसऱ्यात अंबाडी, आणि विचारायचे, "सांग, जहाज कोणतं अन् बैलगाडी कोणती?" बहुतेकांना सांगता यायचं नाही. मग काका दिवसभर खूश.

पण खरी चीज होती ती फळी. काळपट, जड, छातीएवढ्या उंचीची, सेबूच्या उस्तादाने निरोप देताना हातात ठेवलेली. तिला भोकांच्या रांगा होत्या. भोकात खुंट्या ठोकायच्या, वेत वाफेवर मऊ करायचा आणि खुंट्यांमधून वळवून बांधून ठेवायचा. वाळला की खुर्चीच्या पाठीचा बाक तयार. वेत वाकवायचा साचा कोणीही करील. पण या फळीवरच्या निम्म्या रांगा उस्तादाने तिकडच्या माणसांच्या पाठी मोजून पाडल्या होत्या आणि निम्म्या काकांनी इथे. कापूस वेचायच्या दिवसांत संध्याकाळी बाया शेतातून परतायच्या. काका रस्त्यावर उभे राहून एखादीला हाक मारत, "माय, बस जराशी. चहा घे." ती स्टुलावर बसली की सुतळीने तिच्या पाठीचा बाक मोजायचा आणि फळीवर एक भोक पाडायचं. सुतळी मात्र काकू धरायच्या. काका लांब उभे राहून सांगायचे. "खुर्ची थकलेल्या पाठीसाठी असते," ते म्हणायचे. "न थकलेल्या माणसाले दगडई चालते."

कोणतं भोक कोणाचं, कोणतं कोणासोबत वापरायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते फळीत होतं आणि काकांच्या बोटांत होतं. दोन्ही एकत्र असेपर्यंतच ते होतं. मला हे तेव्हा कळलं नाही. मला ती भोकं पाडलेली फळी दिसायची.

मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं. यवतमाळला मुक्काम पडणार होता. जायच्या आदल्या दिवशी ते ती फळी पोत्यात गुंडाळून, ऑटोत आडवी घालून माझ्या दुकानात आले.

"हे ठेव तुह्यापाशी. माह्या घरी वाळवी लय झाली."

"ठेवा ना काका. पण पावती देऊ का?" मी थट्टेने विचारलं.

"तू देशीन तं त्याच्यातई भाव करशीन." मग फळीवरून हात फिरवत म्हणाले, "पाच-सहा वर्षं झाले, मले भोकं दिसून नाई राह्यले. बोटानं चालवून राह्यलो. आता डोळे नवे होतीन तं पह्यले हेच पाहीन."

एवढं सांगून गेले. माझ्यावर भरवसा टाकून गेले, असं मी म्हणत नाही. काका कोणावर भरवसा टाकतोय असं दाखवत नसत. वस्तू ठेवून निघून जात.

चार दिवसांनी ती बाई आली. जंगलाकडे नवं रिसॉर्ट होत होतं, त्याची सजावट तिच्याकडे. तिला फिलिपिन्सच्या धर्तीचं फर्निचर हवं होतं, नैसर्गिक, हाताचं. दुकानात काकांची एक खुर्ची होती. ती बसली, उठली, पुन्हा बसली. मग चाळीस खुर्च्यांची बोली सुरू झाली. खोटं कशाला बोलू, बाई भाव करायला तरबेज होती. मी चहा मागवायचो तेव्हा ती गप्प बसायची, आणि मी गप्प बसलो की ती उठायचं निमित्त करायची. दोन तास रंगलं. इतक्या वर्षांत मला तोडीचं माणूस भेटलं नव्हतं. सौदा पटला तेव्हा मी घामाने भिजलो होतो आणि पैलवानाने कुस्ती मारल्यासारखा खूश होतो.

आमच्या बाजारात एक रीत आहे. सौदा कितीही घासून होवो, शेवटी विकणाऱ्याने वरून काहीतरी द्यायचं. भाजीवर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, सुपावर एक झाडणी. त्याशिवाय सौदा बंद होत नाही, आणि देणाऱ्याचा हात मोठा दिसतो. बाई हसत म्हणाली, "सेठ, वरून काय?" मी म्हणालो, "तुम्ही सांगा." तिने इकडेतिकडे पाहिलं. पोतं सरकलं होतं. "ही जुनी फळी द्या. भिंतीला छान दिसेल."

मी एकदाही विचार केला नाही. खरं म्हणजे एकदा केला. वाटलं, काका दुसरी करतील, फळीला भोकंच तर पाडायची आहेत. आणि तेवढ्या आनंदात 'नाही' म्हणायला जीभ वळली नाही. "घेऊन जा मॅडम, वरून," मी म्हणालो आणि स्वतः उचलून गाडीत ठेवली. गाडीचं दार लावताना ती म्हणाली, "सेठ, तुमचा हात मोठा आहे." मी ते चार जणांना सांगितलं.

काका हिरवा चष्मा लावून परत आले. सरळ दुकानात. "आण." मी म्हणालो, खुंट्या सैल झाल्या होत्या, दुरुस्तीला दिली. दुसऱ्यांदा म्हणालो, सुतार गावाला गेलाय. तिसऱ्यांदा काय म्हणालो ते लिहवत नाही. काका एकदाही चिडले नाहीत. दुकानात येऊन माझ्याच खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचे, आणि नव्या डोळ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं पाहायचे. "तोंडं लय येगळी असतेत बाप्पा," एकदा म्हणाले, "मले मालूमच नव्हतं."

तिकडे चाळीस खुर्च्यांचं पक्कं पत्र येईना. फोन केला तर बाई म्हणाली, डिझाइन बदललंय, बघू. तेव्हा मला वास आला. फळी परत आणायला मी नागपूर गाठलं.

फळी भिंतीला नव्हती. टेबलावर आडवी होती, आणि दोन पोरं कागद पसरून तिच्या भोकांची मापं घेत होती. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "सेठ, तुम्ही दिली. सगळ्यांसमोर दिली." मी सांगितलं, ही माझी नव्हती, ठेव होती, परत करा. ती म्हणाली, "मग विकत घ्या," आणि एक आकडा सांगितला.

आकडा जास्त होता. पण तेवढे माझ्या खिशात होते. मी न्यायलाच गेलो होतो, पैसे घेऊन गेलो होतो. द्यायचे आणि फळी उचलायची, एवढंच काम होतं. माझ्या तोंडातून निघालं, "हे काय भाव झाला मॅडम? अर्ध्यात बोला."

ती अर्ध्यात बोलली नाही. मी थोडा चढलो. ती तसूभर हलली नाही. तेव्हा मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. उठलो. आमच्यात उठून जाणं हा भाव करण्याचाच भाग आहे. गिऱ्हाईक दारापर्यंत जातं, मागून हाक येते, "या हो, या, तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या." घाटंजीच्या बाजारात मी हजारदा उठलो असेन, हजारदा हाक आली. मी काचेच्या दारातून बाहेर आलो. जिन्यावर थांबलो. बिडी पेटवली. दुसरी पेटवली. हाक आली नाही.

परत आत जायला मला कोणी अडवलं नव्हतं. दार ढकलायचं होतं फक्त. मी गेलो नाही. पुढच्या गाडीने पांढरकवड्याला आलो, आणि वाटेत वडकीपर्यंत मला वाटत होतं की फोन वाजेल. आठ दिवसांनी अक्कल येऊन पुन्हा गेलो, तेव्हा फळी बाहेरगावी कारखान्यात पाठवली होती. कोणत्या, ते कोणी सांगेना. त्यानंतर बाईने माझा फोन उचलला नाही.

मग काकांना सांगितलं. त्यांच्या घरी जाऊन, सगळं. काकू अंबाडी वळत होत्या, त्यांचे हात थांबले. काकांनी एकच गोष्ट विचारली.

"किती मांगत होती?"

सांगितलं.

"तुह्यापाशी होते?"

"खिशात होते, काका."

"मंग?"

"भाव जास्त होता. मी उठलो. मले वाटलं, थे मांगून आवाज देईन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. समोरून. "माह्यापाशी पाठ दाखवली का मी माप घेतो," ते म्हणाले. "सगळेच घेत नाईत बाप्पा."

काकूंनी मात्र सोडलं नाही. "वाळवीच्या भेवानं तुह्या दुकानात आणून देल्ली! घरी ठेवली असती तं वाळवीनं खाल्ली असती, पण घरातच राह्यली असती. वाळवी वरून देत नाई कोणाले!"

 

काकांनी नवी फळी करून पाहिली. मी सागाची चांगली जाड फळी दिली, पैसे घेतले नाहीत. त्यांनी रस्त्यावरून बाया बोलावल्या, काकूंनी सुतळी धरली. पण ज्यांची मापं जुन्या फळीत होती त्यातल्या काही वारल्या होत्या, काही लेकींकडे राहायला गेल्या होत्या, आणि नव्या डोळ्यांना जे दिसत होतं ते बोटांना पटत नव्हतं. एक खुर्ची झाली. मी बसलो. बरी होती. बाजारात बऱ्या असतात तशी बरी. मी म्हणालो, "मस्त जमली, काका." त्यांनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. उठताना मी हातावर जोर दिला होता. त्यांच्या खुर्चीतून माणूस हात न लावता उठायचा, आणि हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं, इतकी वर्षं त्या खुर्च्या विकूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी गेलो तर ती खुर्ची चुलीजवळ फोडून रचलेली होती.

त्यानंतर त्यांनी काम केलं नाही. छपराखाली बसून राहायचे. मी जाऊन बसायचो. ते मला सेबूचं सांगायचे, उस्ताद कसा वेत तोंडात धरून त्याचा ओलावा ओळखायचा, पाऊस कसा आडवा यायचा. फळीचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी भांडणाचा माणूस. कोणी भांडलं तर मला जमतं. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

यंदा रिसॉर्टवाल्यांनी नोकरांच्या खोल्यांसाठी माझ्याकडून पलंग घेतले. पलंग उतरवायला मी स्वतः गेलो. दर्शनी दालनात चाळीस खुर्च्या होत्या. वेत मशीनने घासलेला, दोर कुठला तरी चकचकीत. पण मी एकीत बसलो आणि माझ्या पाठीला कळलं, बाक काकांचाच होता. भिंतीवर सुंदर बोर्ड होता: फिलिपिन्सच्या पारंपरिक हस्तकलेतून प्रेरित, आणि खाली बाईचं नाव. मी त्याच दुपारी गाडी काढली आणि काकूंना घेऊन परत आलो.

काकू आधी बसल्याच नाहीत. एकेका खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत चालल्या. चौथ्या की पाचव्या खुर्चीशी थांबल्या. बाकाच्या खालच्या बाजूला, कमरेवर, तळहात टेकवून उभ्या राहिल्या.

"हे माह्या जावेची पाठ हाये," त्या म्हणाल्या. "कपाशीत पडली होती नं थे, तवापासून अशीच वाकडी होती. सुतळी मीच धरली होती."

मग त्या खुर्चीत बसल्या. गणवेशातला माणूस आला, "आजी, हे गेस्टसाठी आहे." मी त्याची कॉलर धरणार होतो. काकूंनी मला डोळ्यांनी थांबवलं, आणि त्यांची मर्जी होईपर्यंत बसून राहिल्या. ती जाऊ वारून नऊ वर्षं झाली आहेत. तिचा फोटोसुद्धा घरात नाही.

मॅडम, मी तुम्हाला दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, म्हणून हे छापायला देतो आहे. माझा गुन्हा मी वर लिहिला आहे, काही उरवलेलं नाही. तुम्ही म्हणाल, रीतीप्रमाणे मिळालं. मिळालं. पण ती ठेव आहे हे मी तुमच्या टेबलाजवळ उभं राहून सांगितलं होतं, आणि त्यानंतरही तुम्ही मापं घेत राहिलात. त्याचा जाब मला देऊ नका, मी तो मागण्याच्या लायकीचा राहिलो नाही. केळापूरच्या रस्त्याला टिनाचं छप्पर आहे, तिथे काकू असतात. तिथे या. त्यांच्यासमोर बसा, आणि त्यांना सांगा: त्यांच्या जावेची पाठ तुम्ही कोणत्या कारखान्यात ठेवली आहे, आणि ती घरी कधी आणता?